रूट केलेल्या फोनसाठी स्वतःची थीम बनवायची आहे, सुरुवात कुठून करू?

पिवळा_बहावा

नमस्कार मंडळी. घरात पडून असलेल्या जुन्या फोनवर लिनिएजओएस (अँड्रॉइडवर बेतलेली मुक्त प्रणाली) टाकलं, मॅजिस्क (रूट करायचं साधन) टाकून रूटही केला, म्हणजे सिस्टीमचे सगळे अधिकार हाती घेतले. फोन लख्ख चालतोय. आता त्याचं रूपडं बदलायचंय, आणि तेही आयती थीम न घेता स्वतः बनवून.

मी कमर्शियल आर्टची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे रंग आणि आकार डोक्यात तयार आहेत. पार्श्वभूमी करवंदी, म्हणजे काळ्याकडे झुकणारा जांभळा. बटणं, स्लायडर वगैरे बहाव्याच्या फुलासारखं पिवळं. आयकॉन आजीच्या फडताळातल्या पितळी वस्तूंवरून काढलेत: अडकित्ता, पानाचा डबा, समई, गडू. फोन मराठीतच वापरते, म्हणून मराठी अक्षरही चांगलं हवं. जमलं तर फोन सुरू होतानाचं ॲनिमेशनसुद्धा.

अडचण अशी की नेटवर सापडतात ते बहुतेक व्हिडिओ अँड्रॉइड ७ च्या काळातले. सबस्ट्रॅटम (थीम लावायचं ॲप) टाका, थीम निवडा, झालं. माझ्या फोनवर ते चालत नाही. आज हे काम नेमकं कसं करतात?

रातकिडा

वाचनखूण साठवली. मलाही हवंय.

नाणेघाटी

ताई, आधी थोडा इतिहास, म्हणजे ते व्हिडिओ का चालत नाहीत ते कळेल.

लिनिएजच्या पूर्वजात, सायनोजेनमॉड ७ मध्ये, म्हणजे २०११ च्या सुमारास, थीम इंजिन रॉममध्येच (फोनच्या प्रणालीतच) होतं. थीमची एपीके (ॲपची फाइल) टाकली की सगळा फोन बदलायचा. पुढे सोनीने अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये रनटाइम रिसोर्स ओव्हरले, म्हणजे आरआरओ, ही ॲपच्या मूळ रंग-मापांवर आपली पांघरायची सोय दिली. तिच्यावर २०१५ मध्ये लेयर्स हे थीमचं ॲप उभं राहिलं आणि २०१६ मध्ये सबस्ट्रॅटम. २०१७ च्या ओरिओमध्ये (अँड्रॉइड ८) ओव्हरले सांभाळणारी सेवा थेट अँड्रॉइडमध्ये आली आणि काही महिने रूट न करताही थीम लावता येत होत्या. मग २०१८ च्या पायने (अँड्रॉइड ९) दार लावलं. तेव्हापासून ओव्हरले एकतर सिस्टीमच्या विभाजनात (साठवणीतल्या प्रणालीच्या राखीव भागात) आधीपासून असावा लागतो, नाहीतर ज्या ॲपवर तो बसतो त्याच्याच सहीचा (बनवणाऱ्याच्या डिजिटल खुणेचा) असावा लागतो. आपल्याकडे रॉमची सही नसते, म्हणून पहिला मार्ग.

तुमच्याकडे मॅजिस्क आहे म्हणजे तो मार्ग मोकळा आहे. मॅजिस्कचं मॉड्यूल (जोडणीची झिप) बनवायचं, त्यात सिस्टीम/प्रॉडक्ट/ओव्हरले या फोल्डरमध्ये आपली ओव्हरले एपीके ठेवायची. फोन सुरू होताना मॅजिस्क ती फाइल सिस्टीमचा भाग असल्यासारखी दाखवतं. मूळ विभाजनाला हात लागत नाही, मॉड्यूल काढलं की फोन पूर्ववत.

खडीसाखर

एवढा खटाटोप कशाला? नोव्हा किंवा लॉनचेअर लाँचर (होमस्क्रीनचं ॲप), वर आयकॉन पॅक, घड्याळासाठी केडब्ल्यूजीटी. रूट नको, काही नको. माझ्या फोनचा होमस्क्रीन बघून लोक विचारतात कुठला फोन आहे म्हणून.

नाणेघाटी

@खडीसाखर, होमस्क्रीनपुरतं अगदी बरोबर. पण वरून ओढायचा नोटिफिकेशनचा पडदा, क्विक सेटिंग्जच्या चौकटी, आवाजाचा स्लायडर, सेटिंग्जचं ॲप, कॉल येतो तेव्हाची स्क्रीन, यातल्या कशालाच लाँचर शिवू शकत नाही. आणि दिवसभरात डोळ्यांसमोर जास्त तेच असतं. ताईंना तिथे बहावा फुललेला हवाय.

माळरान

ओव्हरले म्हणजे आत काय असतं ते सांगतो, कारण नाव ऐकून लोक घाबरतात. त्यात प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा नसते. ही अशी एपीके आहे जिच्यात फक्त दोन गोष्टी: एक मॅनिफेस्ट, ज्यात ‘मी अमुक ॲपवर बसणार’ एवढं लिहिलेलं, आणि एक रिसोर्सचं फोल्डर. मूळ ॲपमध्ये एखाद्या रंगाचं जे नाव असेल तेच नाव तुमच्या कलर्स डॉट एक्सएमएलमध्ये लिहायचं आणि समोर आपला रंग. फोन चालू असताना सिस्टीमयूआय (पडदा, क्विक सेटिंग्ज वगैरे दाखवणारं ॲप) तो रंग मागतं तेव्हा अँड्रॉइड तुमचा देतं. नावं जुळवून, बस्स.

मूळ नावं कळायला फोनमधली सिस्टीमयूआयची एपीके संगणकावर घ्या आणि एपीकेटूलने (एपीके उलगडायच्या साधनाने) उघडा. लिनिएजचा कोड उघडाच असल्यामुळे तिथे वाचलं तरी चालतं. मग एएपीटी२ ने (अँड्रॉइडच्या बांधणीच्या साधनाने) ओव्हरले बांधायचा, सही करायची (स्वतःची चालते), मॉड्यूलमध्ये टाकायचा. फोन सुरू झाल्यावर एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) शेलमध्ये ‘सीएमडी ओव्हरले लिस्ट’ असं रोमन लिपीत टाइप केलं की यादी येते. आपल्या नावापुढच्या चौकटीत फुली दिसली म्हणजे लागला. रिकामी चौकट असेल तर ‘एनेबल’ करा.

माझा आग्रहाचा सल्ला: पहिल्या दिवशी एकच रंग बदला. एकच. तो पडद्यावर बदललेला दिसला की साखळीची सगळी कडी जुळली म्हणायची. पन्नास रंग एकदम टाकले आणि काहीच दिसलं नाही तर चूक शोधणार कुठे?

सोलकढी

माळरान यांच्याशी सहमत, +१. आणि सुरुवात करण्याआधी सुटकेची वाट पाठ करून ठेवा. ओव्हरले बिघडला तर सिस्टीमयूआय सारखं कोसळत राहतं, कधी फोन लोगोवरच अडकतो. अशा वेळी फोन सुरू होताना व्हॉल्यूम डाउन दाबून सेफ मोडमध्ये न्या, मॅजिस्क सगळी मॉड्यूलं बंद करून टाकतं. एडीबी आधीपासून चालू ठेवलं असेल तर संगणकावरून मॉड्यूलं काढायची मॅजिस्कची आज्ञाही आहे. दोन्ही वाटा फोन धडधाकट असताना करून बघा. आणि फोटो? ते आधीच दुसरीकडे.

शीतल_चांदणं

रंगांबद्दल बोलते, कारण माझं कामच ते आहे.

अँड्रॉइड १२ पासून मोनेट आलं. वॉलपेपरमधून रंग उचलतं आणि पाच रंगमाला बनवतं: तीन ठळक, दोन उदासीन. प्रत्येक मालेत १३ छटा, म्हणजे एकूण ६५. लिनिएजमधल्या बहुतेक चौकटी याच ६५ जणांना रंग मागतात. त्यामुळे सिस्टीमयूआयमधला एकेक रंग शोधत बसण्यापेक्षा फ्रेमवर्कमधल्या (अँड्रॉइडच्या सामाईक गाभ्यातल्या) या माला बदला, सगळीकडे आपोआप झिरपेल. कलरब्लेंडर नावाचं ॲप रूटवर हेच करून देतं. आधी त्यात खेळून छटा पक्क्या करा, मग हवं तर स्वतःच्या ओव्हरलेत उतरवा.

आता बहाव्याचा प्रश्न. पिवळ्याचा स्वभाव असा की तो उजळ असतानाच पिवळा दिसतो. गडद केला की मातकट तपकिरी होतो. निळा, जांभळा गडद झाला तरी निळा-जांभळाच राहतो, पिवळ्याला ते जमत नाही. गडद थीममध्ये तुमची उजळ छटा करवंदीवर बसेल, तिथे बहावा झकास दिसेल. पण उजळ थीममध्ये अँड्रॉइड त्याच मालेतली गडद छटा उचलतं आणि तिथे फुलाऐवजी वाळलेली शेंग येईल. 🙂 उजळ रूपासाठी ठळक रंग करवंदी ठेवा आणि पिवळा फक्त भरीव चौकटींना द्या, वर काळसर अक्षरं. पिवळ्यावर पांढरी अक्षरं चुकूनही नकोत. साध्या मजकुराला ४.५ः१ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो, पिवळ्यावर पांढरं २ः१ सुद्धा गाठत नाही.

खडीसाखर

करवंदी कशाला, सरळ ठार काळा ठेवा. ॲमोलेड असेल तर बॅटरी वाचते.

शीतल_चांदणं

@खडीसाखर, वाचते, पण लोक समजतात तेवढी नाही. पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं होतं: ब्राइटनेस १०० टक्के असताना गडद रूपाने सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत, पण रोजच्या ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला फक्त ३ ते ९ टक्के. शिवाय ठार काळ्यावर यादी सरकवली की अक्षरांमागे जांभळट ओघळ दिसतो. बंद पडलेला पिक्सेल पुन्हा पेटायला क्षणभर घेतो म्हणून. करवंदीत पिक्सेल मंद पेटलेलाच असतो, ओघळ जाणवत नाही. मी करवंदीच्या बाजूने.

उपरा_दिवा

अवांतर: थीम म्हटलं की मला नोकियाचे दिवस आठवतात. सिरीज ४० च्या थीमची फाइल म्हणजे नुसती झिप, नाव बदलून उघडायची, आतली चित्रं बदलायची, पुन्हा बांधायची. सिरीज ६० साठी कार्बाइड डॉट यूआय होतं. कॉलेजात वर्गातल्या निम्म्या फोनांवर माझी थीम ब्लूटूथने फिरत होती. तेव्हा कुणाला रूट हा शब्दही माहीत नव्हता.

अण्णा_कर्जतकर

उपरा_दिवा, मीही त्याच पिढीतला. पण रूट करण्याचं माझं पहिलं कारण थीम नव्हती, मराठी होती. अँड्रॉइड २.२ आणि २.३ च्या फोनांवर मराठी मजकूर म्हणजे चौकोनांची रांग. ऑपेरा मिनीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहून बिटमॅप फॉन्टची सोय चालू करायची, तेव्हा ब्राउझरपुरतं मराठी दिसायचं, कारण अक्षरांची चित्रं तिकडच्या सर्व्हरवरून यायची. मेसेज मात्र चौकोनीच.

मग रूट करून सिस्टीमच्या फॉन्टांतली ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक ही फाइल बदलली. अक्षरं दिसली, पण जोडाक्षरं तुटलेली, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे. ‘किती’ वाचायला मिनिट जायचं. फोनकडे अक्षर होतं, अक्षरं जुळवायची कला नव्हती. ती अँड्रॉइड ४ सोबत आली. आज ही पोरगी मराठी अक्षर ‘चांगलं’ हवं म्हणतेय, नुसतं ‘दिसावं’ म्हणत नाही, हे वाचून फार बरं वाटलं.

पिवळा_बहावा

अण्णाकाका, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि सगळ्यांचेच मनापासून आभार. माळरानदादांनी सांगितलं तसा एकच रंग बदलून पाहिला: क्विक सेटिंग्जची चालू चौकट पिवळी झाली आहे! स्क्रीनशॉट डकवलाय.

रंगांचं उमगलं. आता फॉन्ट. मला मुक्त हा फॉन्ट आवडतो, एक टाइपचा. तो टाकला तर ‘ब्लूटूथ’ या शब्दातले दोन्ही ऊकार खालून कापले जातायत. रोमन अक्षरं मात्र व्यवस्थित. असं का?

माळरान

कारण मजेशीर आहे. अँड्रॉइडमध्ये देवनागरीचे दोन फॉन्ट असतात. एक नोटो सॅन्स देवनागरी, दुसरा त्याचाच ‘यूआय’ अवतार. फॉन्ट्स डॉट एक्सएमएलमध्ये पहिल्याला ‘एलिगंट’ आणि दुसऱ्याला ‘कॉम्पॅक्ट’ अशी खूण असते. बटणांच्या, चौकटींच्या उंच्या रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या, आणि आपल्या अक्षरांना वर रफार-मात्रा-अनुस्वार, खाली ऊकार. ते सगळं त्या मापात कोंबायला यूआय अवतारात मात्रा आखूड केल्या आहेत. तुम्ही दोन्ही फाइलींच्या जागी मुक्त ठेवला असणार. मुक्तच्या मात्रा पुऱ्या उंचीच्या, चौकट मात्र कॉम्पॅक्टच्या मापाची. म्हणून कात्री.

पिवळा_बहावा

हो, दोन्हींच्या जागी तोच ठेवलाय.

सोलकढी

मग दोन उपाय. सोपा उपाय: मुक्त फक्त एलिगंटच्या जागी, आणि कॉम्पॅक्टच्या जागी मूळ नोटो राहू द्यायचा. लांब मजकूर सुंदर दिसेल, चौकटी शाबूत राहतील. पण अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या ॲपमध्ये मजकूर आपोआप एलिगंटच घेतला जातो, तेव्हा कुठे हा दिसेल आणि कुठे तो, याची सरमिसळ होईल.

कष्टाचा उपाय: ओव्हरलेतच चौकटीची आणि लेबलची उंची वाढवायची. रंगांसारखीच मापंही रिसोर्समध्ये असतात, डायमेन्स डॉट एक्सएमएलमध्ये. नाव शोधा, चार-सहा डीपी (स्क्रीनवरचं माप) वाढवा, बघा.

मला विचाराल तर दुसराच करावा. थीम मराठीसाठी बनतेय तर चौकट अक्षराच्या मापाने व्हावी. अक्षर चौकटीच्या मापाने छाटायचं कशासाठी?

अण्णा_कर्जतकर

सोलकढी, शंभर टक्के सहमत. पारखायला नेहमीचे शब्द पुरत नाहीत. मी ‘ब्लूटूथ’, ‘मूर्तींचे’, ‘दुर्गंधी’, ‘द्रुतगती’, ‘ट्रॅफिक’ हे शब्द ठेवलेत. ‘मूर्तीं’मध्ये दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकावर एक येतात. तो वरून कापला गेला नाही आणि ‘ब्लूटूथ’ खालून कापला गेला नाही तर बाकीचं निभावतं.

आणखी एक बघा. मराठी ‘ल’ आणि ‘श’ ची वळणं हिंदीहून वेगळी असतात. फॉन्टमध्ये ती मराठी रूपं दिलेली असतील आणि फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइड आपणहून ती उचलतं. तुमची भाषा मराठी आहेच. ‘लाल शाल’ लिहून बघा, लगेच कळेल.

रातकिडा

‘लाल शाल’ लिहून बघितलं. इतकी वर्षं हिंदी वळणाचा ल वाचत होतो. आता भाषा बदलली आणि घड्याळातले आकडेसुद्धा मराठी झाले!

माळरान

@रातकिडा, हो, भाषा मराठी असली की अँड्रॉइड देवनागरी आकडेच धरतं. हिंदीला तसं नाही. थीम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. लॉकस्क्रीनच्या घड्याळाला हौसेने एखादा रोमन फॉन्ट लावतात, त्यात देवनागरी आकडे नसतात, मग घड्याळ मुकाट्याने नोटोवर जातं आणि हौस फुकट जाते. घड्याळासाठी देवनागरी आकडे असलेलाच फॉन्ट घ्या.

वडाची_पारंबी

सगळ्यांचा उत्साह छान आहे, पण एक गंभीर मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून मांडते. रूट केलेल्या फोनवर बँकेची, यूपीआयची ॲप चालतील याची खात्री नाही. बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) उघडा असल्याचं हार्डवेअरच्या पातळीवर कळतं आणि ॲप ते विचारू शकतं. माझ्या बँकेच्या ॲपने एका सकाळी अचानक उघडायला नकार दिला, रिक्षावाला समोर उभा. लपवाछपवीची मॉड्यूलं आज चालतात, उद्या नाही. शिवाय अनोळखी माणसाच्या मॉड्यूलला रूट देणं म्हणजे घराची किल्ली देणं.

खडीसाखर

तेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

नाणेघाटी

वडाची_पारंबी, मुद्दा शंभर नंबरी. ताईंचा हा दुसरा, जुना फोन आहे असं धाग्यावरून दिसतं. तिथे पैशांचं काही ठेवूच नका. आणि मॉड्यूल दुसऱ्याचं घेतलं तर झिप उघडून आतली स्क्रिप्ट वाचा. निव्वळ थीमच्या मॉड्यूलला स्क्रिप्टची जवळजवळ गरज नसते. लांबलचक स्क्रिप्ट दिसली की बाजूला ठेवा.

शीतल_चांदणं

आयकॉनकडे कुणी वळलंच नाही. ताई, अडकित्ता आणि समई ऐकूनच बघायची इच्छा झाली.

अँड्रॉइड ८ पासून आयकॉन दोन थरांचा असतो: मागचा आणि पुढचा, दोन्ही १०८ × १०८ डीपी. त्यातला मधला ७२ डीपीचा भाग दिसतो, कडेचा भाग लाँचर गोल, चौकोन, थेंब अशा आकारात कापतो. कुठल्याही आकारात न कापला जाणारा मधला गोल ६६ डीपीचा. समईचा मोर वर त्या गोलाबाहेर गेला तर मान कापली जाईल. अँड्रॉइड १३ पासून तिसरा, एकरंगी थरही देता येतो, त्याला फोन स्वतःचा रंग चढवतो. तुमच्या पितळी वस्तूंना हा थर म्हणजे नुसती आकृती. अडकित्ता आकृतीत लगेच ओळखू येईल. गडू आणि पानाचा डबा मात्र एकसारखे दिसतील, डब्याचं झाकण उघडं काढा.

आयकॉन पॅकला रूट लागत नाही. ॲपफिल्टर नावाच्या एक्सएमएल फाइलीत कुठल्या ॲपला कुठलं चित्र ते लिहायचं. किचकट नाही, कंटाळवाणं आहे. बाकीच्या शेकडो ॲपसाठी एकच पितळी ताटली मागे ठेवा, लाँचर मूळ आयकॉन तिच्यावर बसवतं.

उपरा_दिवा

फोन सुरू होतानाच्या ॲनिमेशनचं मी सांगतो, हा माझा जुना छंद. बूटॲनिमेशन नावाची झिप असते. आत डेस्क डॉट टीएक्सटी आणि भाग०, भाग१ अशा फोल्डरांत पीएनजी चित्रं. पहिल्या ओळीत रुंदी, उंची, सेकंदाला किती चित्रं. पुढच्या ओळींत प्रत्येक भाग किती वेळा फिरवायचा. शून्य लिहिलं की फोन पूर्ण सुरू होईपर्यंत फिरत राहतो. भागाच्या ओळीची सुरुवात ‘पी’ने केली तर फोन तयार होताच ॲनिमेशन मध्येच तुटतं, ‘सी’ने केली तर तो भाग पुरा होऊनच थांबतं.

ज्यावर बहुतेक जण अडतात ते असं: झिप बांधताना कॉम्प्रेशन शून्य ठेवायचं. दाबून बांधलेली झिप चालत नाही, स्क्रीन काळी राहते आणि लोक चित्रांत दोष शोधत बसतात.

वडाची_पारंबी

समईची वात पेटते असं ॲनिमेशन करा ना. पहिल्या भागात वात पेटेल, दुसऱ्यात ज्योत हलत राहील.

पिवळा_बहावा

@वडाची_पारंबी, अगदी हेच करणार! पहिला भाग ‘सी’, एकदाच. ज्योतीचा ‘पी’, शून्य.

ठरवलं ते लिहिते. रंग फ्रेमवर्कच्या मालांमधून, गडद आणि उजळ रूपांना वेगवेगळे. फॉन्टसाठी सोलकढींचा दुसरा उपाय, उंच्या वाढवायला घेतल्यात. ‘ब्लूटूथ’ आता पुरता दिसतो, ‘मूर्तींचे’चा अनुस्वार अजून निम्मा जातोय. फोनवर बँकेचं काही नाही आणि नसेल.

एक शंका राहिली. जीमेल, यूट्यूबवरही ओव्हरले बसवावा म्हटलं, पण एपीकेटूलने उघडल्यावर रंगांची नावंच कळत नाहीत.

माळरान

तिथे नका जाऊ. गूगलच्या ॲपमध्ये रिसोर्सची नावं मुद्दाम आखूड, अर्थहीन केलेली असतात, आणि दर अपडेटला बदलू शकतात. आरआरओ नावावर चालतो, नावच गेलं तर धरायचं काय? त्यातली बरीचशी ॲप मोनेटचे रंग आपणहून घेतात, तेवढ्यावर समाधान माना. लिनिएजची स्वतःची ॲप मात्र मनसोक्त रंगवा: डायलर, मेसेज, कॅल्क्युलेटर, फाइल्स.

‘मूर्तींचे’साठी उंचीसोबत वरची मोकळी जागाही बघा, बहुधा पॅडिंग कापतंय. त्या चौकटीचा लेआउट आणि तुमची डायमेन्स फाइल इथे डकवा, आज रात्री बघतो.

पिवळा_बहावा

दादा, दोन्ही डकवल्या आहेत. आयकॉनही टाकलेत, डब्याचं झाकण उघडं करून.

शीतल_चांदणं

झाकण उत्तम. समईच्या मोराची चोच अजून गोलाबाहेर आहे, दोन डीपी खाली घ्या.